वारा अनुकूल असल्यास

आमच्या कार्यालयाच्या जीपने जानेवारी महिन्यात लिटरला साडेनऊ किलोमीटर ॲव्हरेज दिलं. ठरवून दिलेलं ॲव्हरेज बारा होतं. ही गोष्ट फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासणी पथकाच्या निदर्शनास आली आणि पथकाने लॉगबुकावर लाल शाईने शेरा मारला : ‘अडीच किलोमीटर कुठे गेले?’

आमचं कार्यालय म्हणजे फिरतं पशुसेवा केंद्र. नगर शहरात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आम्ही बसतो, आणि ज्या गावांत जनावरांना डॉक्टर नाही त्या गावांत आमची जीप फिरते. जीपमध्ये डॉक्टर ज्योती मॅडम असतात, औषधांची पेटी असते आणि चालवायला कानिफनाथ असतो. मी फिरत नाही. मी आवक-जावक लिपिक आहे. आवक भरपूर आहे. जावकचं रजिस्टर गेली चार वर्षं एकच पुरतंय.

तर शेरा. अशा शेऱ्याला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर आहे : ‘मीटर नादुरुस्त.’ त्यावर पथक लिहितं, ‘दुरुस्त करून घ्यावे.’ आम्ही लिहितो, ‘कार्यवाही सुरू आहे.’ मग दोन्हीकडची माणसं सुखाने निवृत्त होतात. कानिफनाथला मी हेच लिहून द्यायला सांगितलं. पण लाल शाई त्याला झोंबली होती.

“म्हंजी मी डिझेल इकलं, आसं म्हननंय त्यांचं,” तो म्हणाला. “वीस वर्सं गाडी चालवतोय, थेंब इकला न्हाई. खरं काय ते लिवा.”

“खरं कशाला? मीटर बिघडलंय म्हणू.”

“मीटर चांगलं हाय. थंडी वाईट हाय.”

मग तो सांगत गेला आणि मी मूर्खासारखा लिहीत गेलो. थंडीत इंजिन तापायलाच पाऊण तास लागतो, गिअरचं तेल घट्ट होतं, टायरमधली हवा बसते. उन्हाळ्यात एसी लावला की गाडी डिझेल पिते. पावसाळ्यात रस्ता ओला, चाकाला चिखल, आणि समोरून वारा लागला की गाडी दमते. अडीच किलोमीटर हवामानाने नेले. खाली सही. यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि सरकारी कागदावर एकही शब्द खोटा नसला की पुढे काय होतं याचा अनुभव कार्यालयात कोणालाच नव्हता.

वारुळे साहेब नुकतेच बदलून आले होते. काहीतरी करून दाखवायची त्यांची हौस अजून ओली होती. त्यांनी तो खुलासा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि आम्हा सगळ्यांना आत बोलावलं.

“इतकी वर्षं हे कोणी बोललं का नाही?” साहेब म्हणाले. “दोष गाडीचा नाही, ड्रायव्हरचा नाही, हवामानाचा आहे. मग गाडी चुकीच्या हवामानात बाहेर पडतेच कशी?”

आम्ही सगळ्यांनी खिडकीतून जीपकडे बघितलं. म्हणून आदेश निघाला.

‘थंडीमुळे यापुढे शासकीय वाहन सकाळी अकरापूर्वी सुरू करण्यात येऊ नये. तत्पूर्वी ते उन्हात उभे करून आपोआप तापू द्यावे.’ रात्री बोनेटवर घालायला गोधडी मंजूर झाली, नग एक. ती आमच्या शिपाई दगडाबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवून दिली. रोज सकाळी गोधडी काढून घडी करण्याची नोंद मी ठेवत असे. गावांना कळवलं की जनावरांनी सकाळी आजारी पडायचं टाळावं. फेब्रुवारीचं ॲव्हरेज साडेदहा आलं आणि साहेबांचा हुरूप वाढला.

उन्हाळ्यात दुसरा आदेश निघाला. आता अकरानंतर गाडी काढायची नाही, कारण ऊन. एसी लावायचा नाही, कारण डिझेल. काचाही उघडायच्या नाहीत, कारण आत घुसलेला वारा गाडीला मागे ओढतो. हेसुद्धा खरं आहे, मी मोबाईलवर बघितलं. डिझेल भल्या पहाटेच भरायचं, कारण गार डिझेल जास्त बसतं. हे खरं आहे की नाही कोणालाच माहीत नव्हतं, पण तसं सगळेच करतात. एप्रिलमध्ये ज्योती मॅडमना शेवगावच्या रस्त्यावर बंद काचांच्या जीपमध्ये भोवळ आली. त्यांना रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजावा लागला. त्या महिन्यात ॲव्हरेज बारा पूर्णांक एक आलं.

“बघा,” साहेब म्हणाले. “विज्ञान.”

एकच घोळ झाला. पहिला आदेश रद्द करायचा राहून गेला होता, ते महिनाअखेरीस लक्षात आलं. त्यामुळे अकराच्या आधी पहिल्या आदेशाने गाडी निघत नव्हती आणि अकरानंतर दुसऱ्या आदेशाने. मे महिन्यात दोन्ही आदेशांचं तंतोतंत पालन झालं. गाडी जागेवरून हललीच नाही आणि डिझेलचा खर्च शून्य आला. शून्य खर्चाला ॲव्हरेज किती, हे कॅल्क्युलेटरलाही सांगता येईना. त्यावर फक्त ‘एरर’ आलं. साहेबांनी ते अत्युत्तम समजून वर कळवलं.

खरं संकट जूनमध्ये आलं. साहेब एका बैठकीला भाड्याच्या गाडीने पुण्याला चालले होते. केडगाव ओलांडून सुप्याच्या पुढे गेल्यावर त्यांना डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या. एवढाली पाती गरागरा फिरत होती. साहेबांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि अर्धा तास ते नुसते बघत उभे राहिले. परत आले ते तिसरा आदेश डोक्यात घेऊनच.

‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वाहन चालविणे हा इंधनाचा अपव्यय आहे. सबब आधीचे दोन्ही आदेश रद्द करून यापुढे वारा वाहनाच्या पाठीमागून लागत असेल तेव्हाच प्रवास अनुज्ञेय राहील. वाऱ्याची दिशा दररोज सकाळी प्रमाणित करून घ्यावी.’

प्रमाणित करायचं काम दगडाबाईंकडे आलं. रोज सकाळी दहाला त्या गच्चीवर जायच्या, पदर सोडायच्या आणि खाली येऊन मला सांगायच्या, “मावळतीकडून.” मी लिहायचो, ‘पश्चिमेकडून,’ आणि त्या सही करायच्या.

“सायेब,” त्या चौथ्या दिवशी वारुळे साहेबांना म्हणाल्या, “पावसाळाभर वारा मावळतीकडूनच येतो. माझ्या आजीच्या येळंपासून येतो. रोज गच्चीवर चढून बघायचं काय त्यात?”

“तसं लेखी द्या.”

“मग चढते,” दगडाबाई म्हणाल्या.

तर वारा पश्चिमेचा. नगरहून पूर्वेला पाथर्डी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जीप पाठीवर वारा घेऊन पाथर्डीकडे निघाली आणि तिने साडेपंधरा ॲव्हरेज दिलं. कार्यालयात पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं आणि मी साहेबांना विचारलं, “पण साहेब, ती परत येताना?”

साहेबांचा घास थांबला. परत येताना वारा समोरून. त्यांनी आदेश मागवला, वाचला, पुन्हा वाचला. मग त्यांनी कानिफनाथला फोन लावला. “कानिफनाथ, वारा फिरेपर्यंत तिकडेच थांबा.”

“कधी फिरल?”

“दिवाळीच्या सुमारास.”

कानिफनाथचं घर पाथर्डी तालुक्यातच. तिकडची माणसं दिवाळीच्या पुढेमागे ऊस तोडायला बाहेर पडतात आणि पाच-सहा महिने घराबाहेर काढतात. घर सोडून राहायची त्यांना सवय आहे. पण सरकारने पगार देऊन घरी बसवलेला गावातला पहिला माणूस कानिफनाथच. सुरुवातीला जीप त्याच्या दारातल्या लिंबाखाली उभी राहिली. ज्योती मॅडम रोज एसटीने पाथर्डीला जाऊ लागल्या आणि जीप वारा बघून जितकी पूर्वेला जाईल तितक्या गावांत जाऊ लागली. प्रत्येक फेरीत ती थोडी पुढे सरकायची आणि मागे येता यायचं नाही. ऑगस्टपर्यंत तिच्या वाट्याला तीनच गावं उरली. तिथल्या शेळ्यांना एकेका रोगाची लस तीनतीनदा टोचून झाली. हॉर्न ऐकला की शेळ्या डोंगराकडे पळायच्या.

आणि इकडे पश्चिमेला, भाळवणीच्या अलीकडच्या एका वस्तीवर, छबूबाईंची तांबू गाय गाभण होती.

छबूबाईंकडे एकच गाय. तिच्या दुधावर घर चालायचं. मागच्या खेपेला वासरू आत आडवं आलं. बाहेरून बोलावलेल्या माणसाने ओढाओढ केली, वासरू गेलं, गायही जायची. ऐनवेळी ज्योती मॅडम पोचल्या म्हणून गाय वाचली. मॅडमनी तेव्हाच सांगितलं होतं, की पुढच्या वेळी मला आधी कळवा, हिचं पुन्हा तसंच होऊ शकतं. गावच्या दवाखान्यात डॉक्टरची जागा रिकामी आहे. छबूबाईंनी सांगितल्याप्रमाणे महिनाभर आधी कळवलं. मी ते आवकमध्ये चढवलं.

मॅडम साहेबांकडे गेल्या. “सर, मी एसटीने भाळवणीला जाते. गाडी नको.”

“केंद्र फिरतं आहे ते गाडीमुळे,” साहेब म्हणाले. “तुम्ही गाडीशिवाय फिरलात तर ते तुमचं खासगी फिरणं होईल. तुमची नोकरी कंत्राटी आहे ना?”

मॅडम उठून बाहेर गेल्या. आम्ही आपापल्या फायली उघडल्या. मला फार वाईट वाटलं आणि मी त्या दिवशी चहा अर्धाच प्यायलो.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा छबूबाई स्वतःच कार्यालयात आल्या. साठीच्या, काटक, पायात रबरी चपला. त्या साहेबांसमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांना बसा म्हणायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

“बाई, वारा प्रतिकूल आहे,” साहेब म्हणाले.

“मंग?”

“वारा फिरेपर्यंत गाय थांबू शकेल का?”

“सायेब, तुमच्या आईला आसं इचारलं हुतं का कुनी?”

साहेबांनी हे मनावर घेतलं नाही. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. “गाय भरवली कधी?”

“कार्तिकात.”

“हं. म्हणजे अनुकूल वाऱ्यात भरवली आणि प्रतिकूल वाऱ्यात विणार. हा नियोजनाचा अभाव आहे. पुढच्या वर्षापासून आम्ही तालुक्यानुसार वेळापत्रक देणार आहोत. पश्चिमेकडच्या गाई हिवाळ्यात वितील, पूर्वेकडच्या पावसाळ्यात.”

छबूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. “बाबा, तो नियम काय हाय, वाचून दाव.”

मी आदेश वाचला. ‘वारा वाहनाच्या पाठीमागून लागत असेल तेव्हाच.’

“गाडीची पाठ म्हंजी डिझेलचा क्यान टांगतात ती बाजू ना?”

“हो.”

“आन्‌ वारा त्या बाजूला लागला म्हंजी झालं?”

“आदेशात तेवढंच आहे,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणून त्या उठल्या. जाताना त्यांनी माझ्याकडून कानिफनाथचा मोबाईल नंबर तेवढा घेतला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी उजाडताच तांबूच्या कळा सुरू झाल्या. साडेसात वाजता कानिफनाथने कार्यालयाच्या वेळेची वाट न बघता मला घरी फोन केला. “भाऊसायेब, निघालोय. वारा पाठीला हाय. लिवून घ्या.”

तो रिव्हर्समध्ये निघाला होता. पाथर्डी तालुक्यातून भाळवणी, सत्तरएक किलोमीटर, सगळे उलटे. करंजीचा घाट त्याने मागे तोंड करून पार केला. नगरमध्ये शिरल्यावर चौकात हवालदाराने अडवलं तेव्हा त्याने आदेशाची प्रत दाखवली. हवालदाराने ती शेवटपर्यंत वाचली, पियूसी बघितली, सीटबेल्ट बघितला आणि जाऊ दिलं. ज्योती मॅडम तिथेच पेटी घेऊन उभ्या होत्या. त्या चढल्या.

साहेबांनी मला मागोमाग पिटाळलं. वारा खरोखर पाठीला लागतोय की नाही, ते प्रत्यक्ष पाहून अहवाल द्यायचा होता. मी स्कूटर काढली. आता जीप उलटी चाललेली, म्हणजे तिच्या मागे राहायचं तर तिच्या तोंडासमोर राहावं लागतं. नगरपासून भाळवणीपर्यंत काचेतून ज्योती मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. कानिफनाथची फक्त मान दिसत होती, मागे वळलेली. मी हात वर करून वारा तपासला. नियमात होता.

दोन वाजता आम्ही वस्तीवर पोचलो. ज्योती मॅडम उडी मारून गोठ्यात पळाल्या. कानिफनाथ उतरला, पण त्याची मान सरळ होईना. साडेसहा तास डाव्या खांद्यावरून मागे बघितल्याने ती तशीच धरली होती. तो पुढे चालत होता आणि आमच्याकडे बघत होता.

मी मात्र मीटरकडे धावलो. आणि तिथे मला दिसलं ते मी सेवेत कधी पाहिलं नव्हतं. जुनं मीटर, उलट्या गिअरमध्ये उलटं फिरलं होतं. सकाळच्या आकड्यापेक्षा ते बहात्तर किलोमीटरने कमी दाखवत होतं. टाकीतलं डिझेल नऊ लिटर गेलं होतं. मी तिथल्या तिथे गणित मांडलं आणि साहेबांना फोन केला.

“साहेब, ॲव्हरेज वजा आठ.”

पलीकडे साहेबांनी कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. “वजा म्हणजे... अंतर खर्चच झालं नाही?”

“उलट बहात्तर किलोमीटर परत मिळाले, साहेब.”

“म्हणजे गाडी नवी होत चालली आहे,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “असं वर्षभर केलं तर... कोणाला बोलू नका. मी प्रस्ताव करतो.”

पण बोलायची गरजच नव्हती. उलटी जीप आली म्हणून आजूबाजूच्या वस्त्यांवरचे तीस-पस्तीस बापे गोळा झाले होते. सगळे जीपभोवती. कोणी मीटरमध्ये डोकं घातलेलं, कोणी टायर दाबून बघतोय.

“रिव्हर्सला किती देती?”

“वजा आठ,” मी सांगितलं.

“आमची बोलेरो सुलटी चौदा देती, पन थंडीत बारावर येती.”

“तू टायरमधी हवा कमी ठिवतो.”

“न्हाई, वाऱ्याचंच हाय. म्या मागल्या साली बघितलं, नगरला जाताना कमी पडतं.”

“डिझेल पहाटं भरावं.”

वाद रंगला. मीही रंगलो. माझी स्कूटर पंचेचाळीस देते, सावेडीच्या उतारावर बंद करून नेली तर सत्तेचाळीस, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. त्या गर्दीत मला मिळाला तेवढा मान कार्यालयात कधी मिळाला नव्हता.

गोठ्यातून छबूबाई ओरडत होत्या. “आरं, दोघं जन या! दोर धराया मानूस पायजे!” आम्हाला ऐकू येत होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा जाईल. शिवाय बोलेरोवाल्याचा मुद्दा अर्धवट राहिला होता. शेवटी कानिफनाथ गेला. दाराशी पाय रोवून, ज्योती मॅडम सांगतील तेव्हा दोर ओढत तो उभा राहिला. त्याचं अंग गायीकडे आणि तोंड आमच्याकडे. ओढताना त्याच्या कपाळावरच्या शिरा तट्ट फुगायच्या आणि तो एकेकाकडे बघायचा. आम्ही मग जीपच्या पलीकडच्या बाजूला सरकलो.

अर्ध्या-पाऊण तासाने छबूबाई बाहेर आल्या. कोपरापर्यंत हात भरलेले, केस सुटलेले, डोळ्यांत पाणी. त्या जीपपाशी येऊन उभ्या राहिल्या तरी कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी बोनेटवर हात आपटला.

“एकानं तरी इचारा रं, काय झालं म्हनून!”

सगळ्यांनी मीटरमधून डोकी बाहेर काढली. मला लाज वाटली. खरंच वाटली. “काय झालं, मावशी?” मी विचारलं.

“कालवड झाली,” त्या म्हणाल्या. आणि मग रडतच हसल्या. “जित्ती हाय. गाय बी बरी हाय. मॅडमनी आत हात घालून फिरवली तिला.”

आम्हाला सगळ्यांना मनापासून बरं वाटलं. आम्ही गोठ्याच्या दारात गेलो. ओल्या अंगाची तांबडी कालवड पेंढ्यावर पडली होती आणि तांबू तिला चाटत होती. कालवडीने चार पाय एकदम पसरले, उठायला गेली आणि नाकावर पडली. पस्तीस माणसं न बोलता बघत राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सरकारी माणूस मीच होतो, म्हणून मी बोललो.

“दूध किती देईल?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. हाच प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर होता.

कानिफनाथ आमच्याकडेच बघत होता, त्याला दुसरीकडे बघता येत नव्हतं. “आदी हुभी तर राहू द्या तिला,” तो म्हणाला.

तुम्ही हसाल. हसा. पण मागच्या महिन्यात तुमच्या पुतणीला बघायला मुलगा आला होता. तो दारात अजून चपला काढत होता, तेव्हा आतल्या खोलीत तुम्ही हळूच पहिलं काय विचारलंत, ते आठवा. त्याचं नाव तरी तोवर विचारलं होतंत का?